पुढील चेंडू : तरुण खेळाडूंच्या मनाची मशागत



गेल्या हिवाळ्यातील एका सामन्याची हकीकत सांगून ह्या लेखास आरंभ करतो. संघाची देखरेख माझ्याकडे असल्यामुळे मी सीमारेषेजवळ उभा होतो. आपला एक चौदा वर्षांचा विद्यार्थी फलंदाजीस निघाला. सरावात त्याचा हात इतका सफाईने चाले, की त्याच्याकडून आम्हां सर्वांची मोठी अपेक्षा होती. पहिला चेंडू त्याने नीट पाहून सोडून दिला. मी मोठ्याने ओरडलो, "डावा पाय पुढे घे!" दुसरा चेंडू त्याने अडविला. मी पुन्हा ओरडलो, "घाई करू नकोस!" तिसऱ्या चेंडूपूर्वी त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा झाडाखाली उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडे पाहिले, आणि गोलंदाज धावू लागला, तरी त्याची नजर चेंडूवर पुरती परतली नव्हती. मधली यष्टी उखडली गेली. तो मान खाली घालून परतत असता वडिलांनी तोंड फिरविले, आणि मी म्हणालो, "इतके दिवस शिकविले ते सारे पाण्यात गेले!"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वहीच्या अर्ध्या पानाची एक चिठ्ठी होती. "सर, माझे नाव संघातून काढावे, ही विनंती." खाली सही.

ती चिठ्ठी मी अद्याप जपून ठेविली आहे. तो मुलगा बाद झाला ही गोष्ट क्षुल्लक होती. मुले बाद होतच असतात. परंतु एका चेंडूमुळे चौदा वर्षांच्या मुलास खेळच सोडावासा वाटावा, आणि त्यास त्याचा शिक्षक व त्याचा पिता कारण व्हावेत, ही गोष्ट क्षुल्लक खचित नव्हती. आम्ही त्याचे हात शिकविले, पाय शिकविले, डोळे शिकविले. मनास मात्र काहीच शिकविले नाही. मन धीट असले तर असले, नसले तर नाही, असे आपण गृहीत धरून चालतो. हा समज चुकीचा आहे. मनगटाप्रमाणेच मनालाही वळण लावता येते, व ते नित्याच्या सवयीने लागते. ते कसे लावावे, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

अपयशाचा हिशेब

प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. ज्या खेळात एकजण चेंडू टाकतो व दुसरा तो फळीने मारतो, त्या खेळात अपयश हा अपघात नसून नित्याचा सोबती आहे.

क्रिकेटचा एक चुलतभाऊ अमेरिकेत व जपानात फार लोकप्रिय आहे. त्याचे नाव बेसबॉल. त्यात फेकणारा साडेसाठ फुटांवरून चेंडू फेकतो आणि मारणाऱ्याच्या हाती लांब, गोल दांडा असतो. मारणारा चेंडू टोलवून पहिल्या तळापर्यंत सुखरूप पोहोचला, तर त्याला एक यश मिळाले असे मोजतात. आता दहा संधींपैकी किती यशे मिळाली म्हणजे खेळाडू उत्तम समजला जातो, असे तुम्हांस वाटते? आठ? नऊ? नाही, अवघी तीन. दहांपैकी सात वेळा हात हलवीत परत येणारा मनुष्य तेथे नामांकित ठरतो!

१९४१ साली टेड विल्यम्स ह्या तेवीस वर्षांच्या अमेरिकन खेळाडूने संपूर्ण हंगामात हजारी ४०६ ही सरासरी मिळविली, आणि आज इतक्या वर्षांनंतरही त्या पराक्रमाचे नाव निघते. परंतु हिशेब उलटा करून पाहा. त्या अलौकिक वर्षीसुद्धा हा मनुष्य दर दहा संधींपैकी जवळजवळ सहा वेळा अपयशी ठरला होता. त्याच हंगामाच्या अखेरच्या दिवसाची गोष्ट तर मुलांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या दिवशी, म्हणजे २८ सप्टेंबर १९४१ रोजी, दोन सामने व्हावयाचे होते. सकाळी त्याची सरासरी ३९९.५५ होती, ती पूर्णांकात ४०० धरली गेली असती. आज खेळू नकोस, म्हणजे हा मान अबाधित राहील, असे त्यास सुचविण्यात आले. त्याने ते मानले नाही. तो दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा यशे मिळविली, आणि ४०६ वर पोहोचला. गमावण्याच्या भयाने जो घरी बसतो त्याचे अपयश टळते खरे, पण त्याबरोबर खेळही टळतो, हे त्यास पुरते उमजले होते.

आपल्या गोराईच्या कोळी बांधवांस हे तत्त्व कोणी शिकवावयास नको. जाळे प्रत्येक खेपेस भरून येत नाही. रिकामे जाळे वर आले म्हणून कोणी होडी फोडीत नाही. जाळे झटकतो, फाटले असल्यास विणतो, आणि पुढल्या भरतीची वाट पाहतो. फलंदाजाने नेमके हेच करावे. बाद झाल्यावर स्वतःस दोनच प्रश्न विचारावेत : 'जाळे कोठे फाटले?' आणि 'ते कसे विणू?' 'मी नालायक आहे काय?' हा तिसरा प्रश्न मनाच्या दाराबाहेरच उभा ठेवावा.

आपल्या खाडीकाठचे उदाहरण

दूरदेशीचे दाखले कोणी खरे मानील, कोणी मानणार नाही. म्हणून आपल्या दाराशी घडलेली गोष्ट सांगतो.

गोराई म्हटले की खाडीपलीकडील नारळीचे व शेताचे जुने गाव आपल्या डोळ्यांपुढे येते; परंतु खाडीच्या अलीकडे, बोरिवलीच्या पश्चिमेस, गोराईचीच नवी वसाहत आहे. तेथे स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूल ही शाळा आहे. १९९९ च्या सुमारास बोरिवलीत आजीआजोबा व काका ह्यांच्याजवळ राहणारा एक मुलगा, काकांनी दिलेल्या पैशांतून, क्रिकेटच्या एका शिबिरात दाखल झाला. आईवडील डोंबिवलीस एका खोलीत राहत, आणि मुलगा त्यांना आठवड्याअखेर भेटावयास जाई. शिबिराचे शिक्षक दिनेश लाड ह्यांनी त्यास ह्या शाळेत येण्यास सांगितले. फी परवडणार नाही, असे मुलगा म्हणाला. तेव्हा लाड सरांनी शिष्यवृत्तीची व्यवस्था केली आणि चार वर्षे त्यास फी पडली नाही. तो आला तो गोलंदाज म्हणून. फलंदाजीत त्याचा क्रमांक आठवा. त्याच्या बॅटीतील गुण सरांच्या नजरेस पडला, आणि आठव्या क्रमांकावरून त्यास त्यांनी एकदम सलामीस पाठविले. सलामीच्या पहिल्याच खेळीत त्याने शतक केले. तो मुलगा म्हणजे रोहित शर्मा. ज्यांना २०२२ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, ते हेच दिनेश लाड.

येथवरची कथा पुष्कळांस ठाऊक असते. परंतु आपणांस उपयोगी पडणारा भाग पुढेच आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये नागपूर येथे रोहित शर्मा ह्यांचा पहिला कसोटी सामना व्हावयाचा होता. त्याच सकाळी, खेळापूर्वीच्या व्यायामात, त्यांचा पाय मुरगळला व संधी हुकली. पुढल्या वर्षी, २०११ च्या विश्वचषकाच्या संघात त्यांचे नाव नव्हते; आणि तो विश्वचषक भारताने त्यांच्याच मुंबईत जिंकला. हुकलेला कसोटी सामना त्यांना पावणेचार वर्षांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, कोलकात्यास मिळाला. त्यात त्यांनी १७७ धावा केल्या, आणि मुंबईतील पुढच्याच सामन्यात नाबाद १११.

दुसरा प्रसंग २०१९ चा. कसोटीत सलामीस खेळण्याचे काम त्यांच्यावर प्रथमच आले होते. त्यापूर्वीच्या सराव सामन्यात ते दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाले. टीकाकारांची तोंडे कोण धरणार? परंतु अवघ्या काही दिवसांनी, २ ऑक्टोबरपासून विशाखापट्टणम येथे झालेल्या कसोटीत, त्याच मनुष्याने पहिल्या डावात १७६ व दुसऱ्यात १२७ धावा केल्या. शून्य आणि १७६ ह्यांच्या मधल्या चारपाच दिवसांत हात बदलले नव्हते. शून्य मागे ठेवून पुढील चेंडूकडे पाहण्याची सवय मात्र जुनी होती.

चेंडू यशाचा असला तरी त्यासही मागेच ठेवावे लागते. नोव्हेंबर २०१४ मध्ये कोलकात्यास रोहित शर्मा ह्यांचा झेल अवघ्या ४ धावांवर सुटला, आणि त्यांनी त्या डावात २६४ धावा केल्या. जीवदान मिळाल्यावर 'आता काय होईल?' ह्या धास्तीत किंवा 'आज दैव माझे आहे' ह्या धुंदीत ते राहिले असते, तर हा डाव रचला गेला नसता.

अर्ध्या सेकंदाचा कारभार

आता मनास वळण लावावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, ते पाहू.

वेगवान गोलंदाज ताशी १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकतो, तेव्हा तो फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. एवढ्या अवधीत डोळ्याने पाहावयाचे, मेंदूने ठरवावयाचे आणि हातपायांनी करावयाचे असते. कुशल फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल शास्त्रज्ञांनी मोजून पाहिली आहे. ते सुटलेला चेंडू क्षणभर पाहतात आणि मग त्यांची नजर चेंडूच्या पुढे, तो जेथे टप्पा घेणार त्या जागेवर, अगोदरच उडी घेते. खेळाडू जितका निष्णात, तितकी ही उडी लवकर. ही विद्या हजारो चेंडू पाहून अंगात मुरते. त्या क्षणी विचार करून साधत नाही. म्हणून त्या अर्ध्या सेकंदात 'सर काय म्हणतील?', 'बाबा रागावतील काय?', 'मागचा चेंडू मी का चुकलो?' असा एखादा विचार मनात शिरला, तर तो डोळ्याची जागा अडवितो. माझ्या त्या विद्यार्थ्याचे हेच झाले. त्याच्या मनात चेंडूपूर्वीच आम्ही दोघे जाऊन उभे राहिलो होतो!

ह्यावर उपाय असा, की दोन चेंडूंमधील वेळेचा उपयोग करण्यास शिकावे. चेंडू खेळून झाला की दोन पावले बाजूस जावे. नजर सैल सोडावी. झाडे पाहावीत, आकाश पाहावे. मनात खेद अथवा हर्ष उमटला तर त्यास एक श्वासभर राहू द्यावे. मग श्वास सावकाश, घेतला त्याहून अधिक वेळ लावून, सोडावा. हा निव्वळ उपदेश नव्हे. शरीराचा धर्मच असा आहे, की श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते व सोडताना किंचित मंदावते. त्यानंतर पुन्हा जागेवर यावे, बॅट टेकवावी, आणि मनात एकच वाक्य म्हणावे : 'चेंडू पाहा.' मग गोलंदाजाच्या हातातील चेंडूखेरीज सारे जग पुसून टाकावे. हा क्रम दर चेंडूस तोच असावा. शून्यावर असताना जो, नव्वदावर असताना तोच.

आपल्या गोराईस २००९ साली खुला झालेला विपश्यनेचा भव्य पॅगोडा आहे. तेथे शांत बसून आपल्या श्वासाकडे नुसते पाहण्याचा अभ्यास केला जातो. मन भटकले की त्यास न रागावता परत श्वासावर आणावयाचे, पुन्हा भटकले की पुन्हा आणावयाचे, एवढीच ती पहिली पायरी. पंथ वा प्रार्थना कोणतीही असो, लक्षाचे हे शिक्षण सर्वांस सारखेच उपयोगी आहे. खेळाडूने रोज सकाळी पाच मिनिटे डोळे मिटून एवढेच करावे. भटकलेले मन परत आणणे, हाच मनाचा व्यायाम. ते शंभरदा भटकले आणि शंभरदा परत आणले, तर व्यायाम फुकट गेला नाही, उलट शंभर वेळा झाला, असे समजावे.

भय वाटते, मग काय करावे?

मुले मला विचारतात, "सर, फलंदाजीस जाण्यापूर्वी छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, हात थरथरतात. आम्ही भित्रे आहोत काय?" नाही, मुलांनो. संकट दिसताच मूत्रपिंडांवरील लहान ग्रंथींतून ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात मिसळतो. त्यामुळे हृदय जोराने चालते व स्नायूंस अधिक रक्त मिळते. शरीर लढाईची तयारी करीत असते. थोर खेळाडूंसही हे होते. धडधड आली की 'मी घाबरलो' असे न म्हणता 'माझे शरीर सज्ज झाले' असे म्हणावे, आणि श्वास सावकाश सोडावा.

परंतु कधी कधी भय एवढ्याने जात नाही. दिवसेंदिवस मनास कुरतडीत राहते. तशा वेळी काय करावे, हे आपल्याच उपनगरातील एका मुलीने सर्व देशास दाखवून दिले. भांडुपास जन्मलेल्या व पुढे वांद्र्यास वाढलेल्या जेमिमा रॉड्रिग्ज ह्यांना वडिलांनीच क्रिकेटचे धडे दिले. २०२५ च्या महिला विश्वचषकात त्या दोनदा शून्यावर बाद झाल्या आणि इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून त्यांना वगळण्यात आले. पुढे संघात परतून त्यांनी न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ धावा केल्या. आणि ३० ऑक्टोबर रोजी नवी मुंबईत, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, ३३९ धावांचा डोंगर समोर असता नाबाद १२७ धावा करून भारतास विजय मिळवून दिला. तीन दिवसांनी भारताच्या मुलींनी विश्वचषकही जिंकला.

त्या उपांत्य विजयानंतर त्यांनी पत्रकारांपुढे मोकळेपणाने सांगितले, की ह्या स्पर्धेच्या काळात आपल्या मनावर चिंतेचे दडपण होते, आपण वारंवार रडत होतो, आईजवळ मन मोकळे करीत होतो, आणि सहकारी मैत्रिणींनी आपणांस सांभाळून घेतले. माझ्या मते त्या १२७ धावांइतकेच हे बोलणे मोलाचे आहे. अंगात ताप असता आपण तो लपवीत नाही. मग मनाचा ताप का लपवावा? ज्या मुलास अथवा मुलीस झोप येत नाही, अन्न गोड लागत नाही, खेळाचे वा परीक्षेचे नाव काढताच रडू येते, त्याने आईस, वडिलांस, शिक्षकास अथवा मित्रास सांगावे. आणि जरूर तर वैद्याचे साहाय्य घ्यावे. सांगण्यास धैर्य लागते. जो सांगतो, तो दुर्बल नव्हे.

मनोनिग्रह आणि कर्तव्य

लक्षाच्या जोडीस दुसरा गुण हवा, तो निग्रहाचा. २००४ च्या जानेवारीत सिडनी येथे सचिन तेंडुलकर ह्यांनी केलेली नाबाद २४१ धावांची खेळी ह्याचा उत्तम पाठ आहे. त्या दौऱ्यात ऑफच्या बाजूस चेंडू टोलविण्याच्या नादात ते बाद होत होते. तेव्हा त्यांनी मनाशी ठरविले, की ह्या डावात तो आपला लाडका कव्हर ड्राइव्हचा फटका मारावयाचाच नाही. दहा तासांहून अधिक वेळ, ४३६ चेंडू, त्यांनी तो मोह आवरला. जो फटका येत नाही तो न मारणे सोपे. जो उत्तम येतो तो न मारणे, हे मनाचे बळ.

हे बळ लहानपणीच्या सरावातून येते. त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर शिवाजी पार्कवर सरावाच्या शेवटी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचे ते नाणे, आणि बाद न होता सराव पुरा केला तर सचिनचे. अशी तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेविली आहेत. रुपयाची किंमत ती काय! पण थकलेल्या शरीराने अखेरचा चेंडूही पहिल्यासारखाच पाहावयाचा, ही सवय त्या नाण्याने लाविली.

तिसरा गुण कर्तव्यबुद्धीचा. त्याचे उदाहरण विजय हजारे. सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती शाळाशिक्षकाच्या घरी ११ मार्च १९१५ रोजी त्यांचा जन्म झाला. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने आपला पहिलावहिला कसोटी विजय मिळविला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. परंतु मी सांगतो तो प्रसंग विजयाचा नाही. त्याच वर्षी जूनमध्ये इंग्लंडात हेडिंग्ले येथे भारताच्या दुसऱ्या डावाचे पहिले चार गडी, एकही धाव झाली नसता, बाद झाले! धावफलकावर शून्य आणि चार बळी. अशा वेळी हजारे ह्यांनी ५६ धावा केल्या आणि दत्तू फडकर ह्यांच्या जोडीने १०५ धावांची भागीदारी रचली. सामना भारत हरलाच. परंतु संघाची लाज राखली गेली. फलक काय सांगतो ते फलकाजवळ. माझ्याकडे आलेला चेंडू मला नीट खेळावयाचा आहे, ही ती बुद्धी. पराजय निश्चित असतानाही जो आपले काम चोख करतो, तो खरा खेळाडू.

रोजचा अभ्यास

वरील सर्व गोष्टी वाचून विसरण्याच्या नव्हेत. म्हणून मुलांनी पुढील चार नियम वहीत लिहून घ्यावेत.

पहिला : रोज पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष देऊन बसावे, आणि नेटमधील सरावातही दोन चेंडूंमधला तोच ठरलेला क्रम पाळावा. सामन्यात जे हवे, ते सरावात रुजलेले असावे.

दुसरा : रात्री निजण्यापूर्वी डोळे मिटून उद्याचा खेळ मनात पाहावा. गोलंदाजाची धाव, चेंडूचा टप्पा, आपला पाय, बॅटीचा आवाज, सारे स्पष्ट पाहावे. एखादा चेंडू चुकला असे पाहावे, आणि पुढल्या चेंडूस आपण शांतपणे पुन्हा उभे राहिलो, हेही पाहावे. ह्याने प्रत्यक्ष सरावाची उणीव भरून निघत नाही, परंतु सरावास धार येते.

तिसरा : एक लहान वही ठेवावी. प्रत्येक सामन्यानंतर तीन ओळी लिहाव्यात : आज काय चांगले झाले, काय फसले, उद्या काय करीन. धावांचा आकडा शेवटी लिहावा. धावा सर्वस्वी आपल्या हाती नसतात. तयारी, लक्ष आणि श्रम हे मात्र असतात.

चौथा : झोप पुरी घ्यावी. अर्धवट झोपलेल्या मनास कोणतेही शिक्षण लागत नाही.

पालकांस व शिक्षकांस विनंती

आता दोन शब्द आम्हां मोठ्या माणसांसाठी. मुलगा मैदानावरून घरी येताच आपला पहिला प्रश्न असतो, "किती धावा केल्यास?" ह्या प्रश्नात वाईट काही नाही; परंतु रोज हाच प्रश्न कानी पडला, की मुलास वाटू लागते, की घरातील आपली किंमत धावांवर ठरते. मग तो चेंडूऐवजी आपल्या चेहऱ्याकडे पाहू लागतो. त्याऐवजी विचारावे, "आज मजा आली का? नवीन काय शिकलास?" आणि शून्यावर बाद झाला असेल, तर आधी जेवू घालावे, चुका मागाहून काढाव्यात. सामना चालू असता सीमारेषेवरून आज्ञा देऊ नयेत. शिकविण्याची जागा सरावाचे मैदान. सामन्यात त्याचा खेळ त्याचा त्यास खेळू द्यावा. ही विनंती करण्याचा अधिकार मला आहे, कारण हा दोष प्रथम माझाच होता.

सर्वच मुले रोहित किंवा जेमिमा होणार नाहीत, व व्हावयासही नकोत. हजारांत एखादाच त्या वाटेने जाईल. परंतु परीक्षेतील अवघड प्रश्न, नोकरीतील नकार, धंद्यातील खोट, घरातील आजार, असे 'चेंडू' प्रत्येकास खेळावे लागतील. मागचा चेंडू मागे ठेवण्याची आणि पुढील चेंडू डोळे उघडे ठेवून पाहण्याची सवय ज्यास मैदानावर लागली, त्यास ती तेथे उपयोगी पडेल.

त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. चिठ्ठी वाचून मी त्याच्या घरी गेलो. वडील ओटीवर बसले होते. मी मुलास वडिलांच्या देखत म्हणालो, "बाळ, तू चेंडू चुकलास, मी बोलणे चुकलो. तुझे नाव काढावयाचे असेल तर आधी माझे काढावे लागेल." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून आत गेले, कोपऱ्यात उभी केलेली बॅट घेऊन आले, आणि मुलाच्या हाती देऊन म्हणाले, "सर बोलावतायत. जा."

पुढील सामन्यात मी सीमारेषेवर तोंड मिटून उभा राहिलो. ते काम मला शतक करण्याइतके कठीण गेले. मुलाने अकरा धावा केल्या व तो पायचीत झाला. वर्तमानपत्रात छापून येण्याजोगे त्यात काही नव्हते. परंतु प्रत्येक चेंडूनंतर तो दोन पावले बाजूस जाई, खाडीकडील आकाशाकडे पाही, सावकाश श्वास सोडी आणि परत जागेवर येई. बाद होऊन आला तेव्हा त्याची मान वर होती. माझ्याजवळून जाताना तो म्हणाला, "सर, शेवटचा चेंडू आत वळला, तो मला उशिरा दिसला. उद्या तोच टाकून घ्याल?"

त्याचे नाव अद्याप संघात आहे.